सहा आणि सात

गेली तीन वर्षे माझ्या एका मित्राचे माझ्यापेक्षा एक उत्तर जास्त बरोबर येते. माझी दहापैकी सहा आली की त्याची सात येतात, माझी आठ आली की त्याची नऊ, आणि ज्या रात्री माझी नऊ येतात त्या रात्री त्याला नेमका वेळ मिळालेला नसतो. आम्ही कॉलेजपासूनचे चौघे आहोत आणि आता चार वेगवेगळ्या शहरांत राहतो. झोपण्यापूर्वी कोणीतरी दहा प्रश्नांच्या एखाद्या क्विझची लिंक ग्रुपवर टाकायची, सगळ्यांनी ती सोडवायची आणि आपापला स्कोअर लिहायचा, एवढाच आमचा कार्यक्रम. चौघांची नावे मी देत नाही, कारण ते हे वाचणार आहेत. एक उत्तर पुढे असणारा मित्र हिशेब तपासण्याचे काम करतो म्हणून त्याला हिशेबनीस म्हणते, एक मैत्रीण गणित शिकवते, एक मित्र डॉक्टर आहे, आणि चौथी मी, जिला प्रश्न दोनदा वाचल्याशिवाय उत्तरावर बोट ठेवता येत नाही.

या एका उत्तराचा मला इतका जाच होऊ लागला, की शेवटी मी गणितवाल्या मैत्रिणीला फोन केला आणि हा खरोखरच माझ्यापेक्षा हुशार आहे की नशीबवान, ते तुझ्या शास्त्राने सांग, असे म्हटले. तिने विचारले, "अगं, सहा आणि सात यांत मुळात फरक काय आहे, ते आधी मला सांग." मग तिने जे समजावले ते मी वहीत उतरवून घेतले, कारण इतके साधे असूनही ते मला कधी सुचले नव्हते. समजा, दोन माणसे अगदी बरोबरीची आहेत आणि विचारल्या जाऊ शकणाऱ्या सगळ्या प्रश्नांपैकी प्रत्येकी शंभरातले सत्तर प्रश्न त्यांना येतात. क्विझ त्या पोत्यातून दहा प्रश्न उचलते. दोघांचीही सरासरी सातच येईल, पण एखाद्या रात्री पाच येतील आणि एखाद्या रात्री नऊ, आणि दोघांचे पाच-नऊ एकाच रात्री येतील असे काही नाही. तिने आकडेमोड करून सांगितले, की अशा तंतोतंत बरोबरीच्या दोघांचे गुण एकाच रात्री सारखे येण्याची शक्यता शेकडा एकोणीसच्या आसपास आहे. म्हणजे पाचांपैकी चार रात्री त्यांच्यातला कोणीतरी एक पुढे असणार, आणि तो पुढे असण्याला काडीचाही अर्थ नसणार.

मला फार बरे वाटले. मग मी हावरटपणाने पुढचा प्रश्न विचारला: खरा फरक असेल तर तो कळायला किती प्रश्न लागतील? एकाला शंभरातले सत्तर येतात आणि दुसऱ्याला पंचाहत्तर, असे धरले, तर तो फरक नशिबाच्या गोंधळातून ठळकपणे वर यायला सहाशेहून जास्त प्रश्न लागतात, असे ती म्हणाली. रोजचे दहा धरले तर दोन महिने. "म्हणजे एका रात्रीवरून, एका आठवड्यावरून काहीच ठरत नाही," मी म्हटले. "नाही ठरत," ती म्हणाली. "आणि तीन वर्षांवरून?" पलीकडे थोडा वेळ शांतता होती. "तीन वर्षांवरून ठरतं गं. तो तुझ्यापेक्षा खरंच पुढे आहे."

त्या फोनमधून आणखी एक गोष्ट हाती लागली, आणि ती चौघांनाही सारखीच लागू असल्यामुळे मला जास्त आवडली. चार पर्यायांच्या दहा प्रश्नांत ज्याला काहीही येत नाही, त्यालाही नुसत्या डोळे मिटून मारलेल्या टिचक्यांवर सरासरी अडीच गुण मिळतात. म्हणून माझी सात बरोबर आली, तर त्यातली सहा मला येत होती, उरलेल्या चारांवर मी अंदाज बांधला आणि त्यांतला एक लागला, असा साधारण हिशेब निघतो. चार आली असतील तर येत होती फक्त दोन. गुण जितके खाली जातील तितका त्यांतला उसन्याचा वाटा वाढत जातो. हे डॉक्टरला सांगितल्यापासून तो स्वतःचे चार गुण आले की "दोन, अधिक दैव" असे लिहितो.

आता गुणांची तुलनाही तेव्हाच चालते, जेव्हा चौघांना तेच प्रश्न मिळतात. पुष्कळ ठिकाणी तसे होत नाही. प्रश्नांचा मोठा साठा केलेला असतो आणि तीच लिंक उघडली, तरी प्रत्येकाला त्यातले वेगळे दहा प्रश्न येतात. आम्हाला हे तब्बल चार महिन्यांनी कळले, तेही डॉक्टरने "तो तिसरा पेंग्विनचा प्रश्न काय भारी होता" असे लिहिले आणि बाकी तिघांनी कुठला पेंग्विन म्हणून विचारले तेव्हा. दुसरा प्रकार वेगाच्या गुणांचा. नॉर्वेत तयार झालेल्या आणि २०१३ मध्ये खुल्या झालेल्या काहूट या क्विझ खेळण्याच्या संकेतस्थळावर नेहमीच्या पद्धतीत एका प्रश्नाला जास्तीत जास्त हजार गुण असतात, आणि बरोबर उत्तर अगदी शेवटच्या क्षणी दिले तर त्यांतले साधारण निम्मेच पदरात पडतात. वर्गात किंवा एकाच खोलीत बसून खेळताना त्यामुळे रंगत वाढते हे खरे. पण प्रश्न दोनदा वाचणाऱ्या माझ्यासारखीचे सगळे बरोबर येऊनही शेवटचा नंबर लागू शकतो, आणि तो एकदा लागलेला आहे.

वेळेची मर्यादा मुळात का घालतात, हे मात्र सगळ्यांना ठाऊक असते. २०१७ मध्ये आलेल्या एचक्यू ट्रिव्हिया या थेट चालणाऱ्या खेळात बारा प्रश्न असत आणि प्रत्येकाला दहा सेकंद मिळत; तेवढ्यात दुसरीकडे शोधून परत येणे जवळपास अशक्य. आमच्या क्विझना अशी मर्यादा क्वचितच असते, त्यामुळे सगळा कारभार विश्वासावर चालतो. एकदा डॉक्टरची दहाच्या दहा बरोबर आली, आणि त्यांत मध्ययुगीन संगीतावरचे दोन प्रश्न होते. कोणीच काही बोलले नाही. दहा मिनिटांनी त्याने स्वतःच लिहिले, "ठीक आहे, आठ."

क्विझनेच आपल्याला फसवावे याचा संताप मात्र वेगळा असतो. कझाकस्तानची राजधानी विचारली होती आणि मी अस्ताना हे उत्तर दिले. ते चुकीचे ठरले, कारण बरोबर उत्तर नूर-सुलतान असल्याचे क्विझचे म्हणणे होते. त्या शहराची कथा अशी, की १९९७ मध्ये राजधानी अल्माटीहून तिथे हलवली, १९९८ मध्ये त्याला अस्ताना हे नाव मिळाले, २०१९ मध्ये त्याचे नूर-सुलतान झाले आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. म्हणजे प्रश्न कोणत्या वर्षी लिहिला गेला यावर त्याचे उत्तर अवलंबून, आणि प्रश्नाखाली तारीख कोणी लिहीत नाही. शनीच्या चंद्रांचेही तसेच आहे. सर्वांत जास्त चंद्र कोणत्या ग्रहाला, या प्रश्नाचे उत्तर २०२३ च्या फेब्रुवारीत काही काळ गुरू झाले होते. मे महिन्यात शनीचे इतके नवे चंद्र नोंदले गेले, की तो पुन्हा पहिल्या नंबरावर जाऊन बसला, आणि २०२५ च्या मार्चमध्ये आणखी १२८ ची भर पडून त्याच्या चंद्रांची संख्या २७४ झाली. जुन्या क्विझमध्ये कुठे ६२, कुठे ८२ असे आकडे अजून दिमाखात उभे आहेत. एव्हरेस्टची उंची डिसेंबर २०२० मध्ये ८८४८.८६ मीटर जाहीर झाली, पण पर्यायांत ८८४८ आणि ८८४९ हे दोन्ही आकडे दिलेले असले, की क्विझ करणाऱ्याला कोणते साल मनात होते याचा अंदाज बांधत बसावे लागते. अस्तानाच्या त्या रात्री माझी सात आली होती आणि हिशेबनिसाची आठ. माझ्या मते आठ-आठ. हा वाद मिटलेला नाही.

पर्याय नसलेल्या क्विझमध्ये नशिबाचा भाग बराच कमी होतो, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी आम्ही ठरवून जगातले सगळे देश पंधरा मिनिटांत टाइप करण्याच्या क्विझला बसलो. २००७ पासून चालू असलेल्या स्पोर्कल या क्विझच्या संकेतस्थळावर या प्रकाराचे फार चाहते आहेत. समोर रिकामा नकाशा, वर उलटा पळणारा टायमर, आणि खाली एक छोटी चौकट. संयुक्त राष्ट्रांचेच सदस्य १९३ आहेत. मला वाटले होते की दीडशेपर्यंत सहज जाऊ. पहिली चार मिनिटे बोटे धावत होती. मग नायजेरिया लिहायला घेतला. इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली पाच अक्षरे म्हणजेच नायजर, त्यामुळे पाचवे अक्षर पडताच क्विझने नायजर हा देश मान्य केला, चौकट कोरी केली, आणि माझी उरलेली दोन अक्षरे तिथे एकटीच बसून राहिली. न मागता एक देश मिळाला होता, पण गाडी रुळावरून घसरली ती घसरलीच. गिनी लिहिले तेव्हा एक गिनी मिळाला; गिनी-बिसाऊ, इक्वेटोरियल गिनी आणि पापुआ न्यू गिनी असे आणखी तीन आहेत, हे वेळ संपल्यावर लाल अक्षरांत वाचले. आफ्रिकेच्या मधोमध मोठे पांढरे भगदाड राहिले होते आणि प्रशांत महासागरात मी फक्त फिजीपर्यंत पोहोचले होते. माझे ११८ झाले. हिशेबनिसाचे १४१. इथे एकाचा फरक नव्हता, तेविसाचा होता, आणि गंमत म्हणजे त्याचे मला अजिबात वाईट वाटले नाही. कारण त्यानंतर तासभर आम्ही गुणांबद्दल बोललोच नाही. बुर्किना फासो चौघांपैकी एकालाही का आठवला नाही, डॉक्टर उरुग्वे लिहून पॅराग्वे कसा विसरला, आणि जो देश आपण स्वतः फिरून आलो तोच गणितवालीच्या यादीत कसा नव्हता, यावरच सगळे बोलणे चालले होते.

दरम्यान हिशेबनिसाने, स्वभावाला जागून, रोजच्या गुणांचा तक्ता केला. रकाने, सरासरी, महिन्याचा विजेता, रंग, सगळे काही. सहा आठवड्यांत त्या तक्त्याने ग्रुपचा जीव घेतला. डॉक्टरला रात्रपाळीमुळे उशीर झाला की त्याच्या रकान्यात शून्य पडू लागले आणि त्याने लिंक उघडणेच सोडले. मी सोपे विषय आले की आधी सोडवायची आणि खेळांचे प्रश्न दिसले की "आज फार दमले" असे लिहायची, हे आता कबूल करायला हरकत नाही. स्वतःची पारख करायला बाहेरची ठोस मोजपट्टी मिळाली नाही, की माणूस आसपासच्या, साधारण आपल्यासारख्याच माणसांशी ताडून बघतो, असे लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडले होते. आमच्या बाबतीत मोजपट्टी होती, पण दहा प्रश्नांच्या त्या मोजपट्टीवर काही मोजताच येत नव्हते, हे फोनवरच्या गणिताने आधीच दाखवून दिले होते. तक्ता मात्र दर रात्री चार आकडे अगदी गंभीर चेहऱ्याने लिहून घेत होता.

तक्ता बंद कसा पडला, तर गणितवालीमुळे. एका रात्री तिने गुण लिहिलेच नाहीत; फक्त एवढे लिहिले, की "मी आत्ता ९१ ही मूळ संख्या आहे असं उत्तर दिलं. माझ्या विद्यार्थ्यांना कळवू नका." सात तेरा एक्क्याण्णव. अठरा वर्षे गणित शिकवणाऱ्या बाईची ही चूक वाचून मी अंथरुणात उठून बसले. मग डॉक्टरही तीन आठवड्यांनी उगवला आणि त्याने सांगितले, की शरीरातला सर्वांत मोठा अवयव कोणता, या शाळकरी प्रश्नाला त्याने यकृत असे उत्तर दिले, कारण त्वचा हे उत्तर डॉक्टरला विचारण्याइतके कठीण नाही असे त्याला वाटले. मी रशिया सांगितला. सर्वांत जास्त कालविभाग कोणत्या देशात, याला मी इतक्या खात्रीने रशिया म्हटले होते, की निकाल आल्यावर क्विझच चुकली असे मला वाटले. पण रशियात अकरा आहेत आणि फ्रान्सची दूरदूरची बेटे आणि प्रदेश धरले तर फ्रान्सचे बारा होतात. हिशेबनिसाने बऱ्याच वेळाने चाडचा झेंडा रुमानियाचा समजल्याचे मान्य केले आणि खाली दोन्ही झेंड्यांची चित्रे टाकून हा अन्याय कसा आहे ते दाखवले. निळा, पिवळा, लाल, उभे पट्टे. निळ्याच्या छटेखेरीज दोन्ही झेंडे जुळ्या भावंडांसारखे दिसतात.

त्या रात्रीनंतर गुण कोणी विचारले, तरच सांगायचे आणि स्वतःची एक चूक मात्र न विचारता सांगायची, असा रिवाज पडला. त्याचा एक परिणाम मला अपेक्षित नव्हता. काल रात्री मला किती पडले ते मी आज सकाळी विसरते, पण ९१, त्वचा, फ्रान्स आणि चाड हे मी यापुढे कधी चुकेन असे वाटत नाही. यामागची कारणे शोधताना कळले, की यावर अभ्यास झालेले आहेत. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला आणि दुसऱ्याने पुन्हा न वाचता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा वाचणारे पुढे होते; आठवड्याने तपासले तेव्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होते आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. त्याआधी, २००१ मध्ये, ब्रॅडी बटरफील्ड आणि जॅनेट मेटकाफ यांना आणखी मजेदार गोष्ट आढळली होती: माणूस जे उत्तर अगदी खात्रीने चुकतो, ते एकदा दुरुस्त करून सांगितले, की बिचकत दिलेल्या चुकीच्या उत्तरापेक्षा अधिक पक्के सुधारते. माझा रशिया अगदी त्याच जातीचा होता. त्यात तीन मित्रांचे हसणे मिळवले, की परिणाम किती वाढतो, हे त्या प्रयोगात नव्हते, पण माझ्याकडे अनुभव आहे.

वर्डल इतका का पसरला, याचे उत्तरही मला इथेच सापडते. जॉश वॉर्डल यांचा हा पाच अक्षरांचा, सहा प्रयत्नांचा खेळ १ नोव्हेंबर २०२१ रोजी नव्वद माणसे खेळत होती आणि दोन महिन्यांनी तीन लाखांहून अधिक; जानेवारी २०२२ च्या अखेरीस तो न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. दिवसाला एकच शब्द आणि तो सगळ्यांना सारखाच, हा त्याचा पाया तर आहेच. पण लोक एकमेकांना पाठवत होते ते हिरव्या, पिवळ्या आणि करड्या चौकोनांचे चित्र. त्यात उत्तर कुठेच नसते आणि गुणही जवळपास नसतात. तिसऱ्या ओळीत चार हिरवे आले आणि मग पुढच्या तीन ओळी एकाच अक्षरावर डोके आपटत गेल्या, ही सगळी फजिती मात्र त्यात शब्दाविना दिसते. मित्राचे ते चित्र बघताच तो कोणत्या ओळीला वैतागला असेल ते मला सांगता येते.

आणि याच कारणाने "तुम्ही कोणता प्राणी आहात" छापाच्या क्विझ मला पाच मिनिटांपलीकडे रमवत नाहीत. त्यांत चुकताच येत नाही. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाची चाचणी दिली आणि प्रत्येकाच्या हाती तोच एक, बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला मजकूर ठेवला. आपल्याला तो किती लागू पडतो याला त्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. चौघांना चार प्राणी मिळाले, चौघांना ते पटले, पुढे काय बोलणार? शिवाय अशाच एका व्यक्तिमत्त्वचाचणीच्या ॲपवर सुमारे २,७०,००० लोकांनी उत्तरे दिली आणि त्यांच्यामार्फत फेसबुकवरच्या सुमारे ८.७ कोटी लोकांची माहिती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराचा सल्ला देणाऱ्या कंपनीपर्यंत पोहोचली असावी, हे २०१८ मध्ये उघड झाल्यापासून, लॉगिन करून मित्रांची यादी मागणारी क्विझ दिसली की गणितवाली ती लिंक ग्रुपवर राहू देत नाही. कझाकस्तानची राजधानी सांगताना निदान आपले गुपित कोणी नेत नाही.

परवा रात्री हिशेबनिसाची दहापैकी दहा आली. त्याने तो स्क्रीनशॉट टाकला, अभिनंदनाचे तीन अंगठे आले, आणि ग्रुप शांत झाला. मग डॉक्टरने आपली चूक सांगितली, त्यावरून हसणे झाले, गणितवालीने तिची सांगितली, मी माझ्या चार सांगितल्या आणि पंधरा-वीस निरोप इकडून तिकडे गेले. हिशेबनीस सगळे वाचत होता, तो टाइप करत असल्याचे अधूनमधून दिसत होते, पण निरोप काही येत नव्हता. सगळे झोपायला निघाल्यावर त्याचा एक आला: "सातव्याला माझं बोट आधी टास्मानियावर गेलं होतं. अगदी शेवटच्या क्षणी बदललं." गणितवालीने लगेच विचारले, "टास्मानियावर? का रे?"